ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ व त्याची श्रोतृसभा

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ त राइतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नाहीं. १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांचीही तीच गत. सालडान्हा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास छापलेला रोमन पाठ व लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी पोथी यांवरच मुख्यतः विसंबावें लागतें. पहिल्यांत पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द जागोजाग आहेत. दुसरींत त्यांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द. तेवढ्यावरून देवनागरी पाठच मूळचा, असें कांहीं अभ्यासक मानितात. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. हें मत आम्हांस प्रिय वाटावें यांत नवल नाहीं, व कांहीं वर्षें तें आम्ही धरलेंही होतें. आतां तें सोडावें लागत आहे.

ग्रंथ कोणापुढें वाचावयाचा होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. आरंभींच साष्टींतील नवख्रिस्ती मंडळी पाद्रीगुरूपुढें बसली आहे, व त्यांतील एक ब्राह्मण, जुनीं पुराणें काढून घेतलींत तर त्यांच्या जागीं दुसरें द्या, अशी मागणी करितो. मागणी श्रोत्यांची आहे, म्हणूनच ओवी. तिचे तीन चरण यमकानें कानांत ठसतात, चौथा अर्थ पुरा करून थांबतो. 'वैकुंठ', 'मुक्ति' हे शब्द त्या सभेच्या ओळखीचे होते, ते कवीनें निःशंकपणें घेतले. (वैष्णवांचें वैकुंठ ख्रिस्ती स्वर्गास देणें हें लहान धाडस नव्हे!) परंतु बाप्तिस्म्याचा विधि त्या लोकांनीं पोर्तुगीज नांवानेंच अनुभविला होता. त्यास नवा संस्कृत शब्द घडविला तर पंडित संतोष पावेल, मागें बसलेला कुणबी मात्र गोंधळेल.

१६०८ च्या पत्रांत स्टीफन्स यांनीं देशी लिपींत ग्रंथ छापण्याची इच्छा कळवून साचे ६०० लागतील असें लिहिलें होतें. तथापि लिपि देशी हवी म्हणून शब्दही संस्कृतच असावेत, हें त्यांतून निघत नाहीं.

सालडान्हांच्या पोथ्याही मागाहूनच्या नकला. पोर्तुगीज शब्द नकलकारांनीं घुसडले असतील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचा निर्णय यमकानें व्हावा. असा शब्द यमकस्थानीं असेल तर सोबतचे दोन चरण न मोडतां तो बदलतां येत नाहीं, आणि दुसऱ्या पाठांत ते मोडलेले दिसले कीं फेरफार कोणी केला तें कळतें. गोंवा व कानडा प्रांतांतील ज्या संग्राहकांकडे या पुराणाचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं अशा ओव्या जशाच्या तशा, अशुद्धें न सुधारितां, उतरून पाठवाव्या.