शाळेची स्वायत्तता : कोठारी आयोगाच्या एका विचाराचे परीक्षण

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने आपला अहवाल २९ जून १९६६ रोजी सादर केला. समान शाळापद्धती, भाषाविषयक सूत्र आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च ह्या त्यातील शिफारशींची चर्चा विपुल झाली आहे. एकेका शाळेला स्वतःच्या कामाविषयी निर्णय करण्याचा अधिकार असावा, ह्या शिफारशीच्या वाट्याला मात्र त्या मानाने थोडेच परीक्षण आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाला-संकुलाची कल्पना त्याच आयोगाचा उल्लेख करून पुन्हा पुढे मांडली आहे. म्हणून तिच्या मुळाशी असलेला विचार तपासून पाहणे आज अगत्याचे झाले आहे.

आयोगाचे निदान अचूक होते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. सर्व शाळांना एकाच साच्यात बसविणारी ताठर व्यवस्था चांगल्या शाळेला वाढू देत नाही आणि दुबळ्या शाळेला आधारही देत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर त्याने सुचविलेले उपाय मुख्यतः तीन. प्रत्येक शाळेने आपली योजना आपण तयार करावी, हा पहिला. निवडक शाळांना प्रायोगिक शाळा म्हणून स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची, पाठ्यपुस्तके ठरविण्याची आणि दहावीच्या अखेरची परीक्षा स्वतः घेण्याची मुभा द्यावी, हा दुसरा. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांचे संकुल बनवून खात्याचे काही अधिकार त्या संकुलाकडे सोपवावेत, हा तिसरा.

ह्या तिन्ही उपायांत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, स्वातंत्र्य हे गुणवत्तेचे फळ आहे. शाळेने आधी आपली योग्यता सिद्ध करावी, मग तिला मोकळीक मिळावी. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. परंतु ज्या शाळेची परिस्थिती सर्वसाधारण साच्याहून सर्वांत वेगळी असते, तिलाच निर्णयाच्या मोकळिकीची गरज सर्वांत अधिक असते. आणि अशी शाळा गुणवंतांच्या यादीत क्वचितच आढळते.

एक उदाहरण घेऊ. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांच्या हातून शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण निघून जाते. अशा गावच्या शाळेने आपले वर्ष निराळ्या रीतीने मांडावे, परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात वर्ग चालवावेत, हे कोणत्याही शिक्षकाला सहज सुचेल. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे, शाळेचे नव्हे. हंगामी वसतिगृहांसारखे उपाय वरून येतात. ते उपयुक्तही आहेत. तथापि शाळेचे वर्ष कोणाच्या जीवनक्रमाला धरून आखावयाचे, हा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही. आयोगाच्या गृहीतानुसार पाहिले तर ही शाळा मोकळिकीला पात्रच ठरत नाही.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आपल्याच इतिहासातील आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च सोसावा असे म्हटले, पण त्यांचा कारभार संपूर्णपणे त्यांच्या हाती देण्यास विरोध केला आणि शिक्षणखात्याची देखरेख राहिलीच पाहिजे असा आग्रह धरला. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक वरिष्ठांची सत्ता, हे ते जाणून होते. पुढे १९२३ च्या कायद्याने मुंबई प्रांतातील प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या आणि १९३८ ची दुरुस्ती व १९४७ चा कायदा यांनी शासनाचे नियंत्रण पुन्हा वाढविले. ही माघार निव्वळ सत्तालोभाने झाली, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अलीकडच्या संशोधनाचा आहे. हानुशेक, लिंक व वोसमान यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२ देशांतील पिसा चाचण्यांची २००० ते २००९ ची आकडेवारी तपासली. शाळांची स्वायत्तता विकसित देशांत विद्यार्थ्यांच्या संपादणुकीस उपकारक, तर विकसनशील देशांत अपायकारक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जेथे शालान्त परीक्षा बाह्य व सामाईक असते, तेथे स्वायत्ततेचा लाभ अधिक होतो असेही त्यांना आढळले. हा पुरावा पंधरा वर्षांच्या मुलांचा आणि देशादेशांच्या सरासरींचा आहे. एखाद्या वस्तीशाळेविषयी त्यावरून थेट अनुमान काढणे धाडसाचे होईल. तरीही आयोगाच्या योजनेवर तो बोट ठेवतोच. ज्या शाळांना सर्वाधिक मोकळीक द्यावयाची, त्यांनाच आयोगाने बाह्य परीक्षेतून मुक्त केले होते.

ह्या आक्षेपांचे उत्तर 'स्वायत्तता' ह्या शब्दाची फोड केल्याशिवाय सापडत नाही. नेमणुकांचा अधिकार, पैशाचा अधिकार आणि अध्यापनाचा अधिकार ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत; शिवाय तो अधिकार संस्थाचालकाचा, मुख्याध्यापकाचा, शिक्षकांचा की पालकांचा, हा प्रश्न उरतोच. खासगी अनुदानित शाळा जिल्हा परिषदेच्या शाळेहून स्वायत्त असते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा संस्थाचालकांची स्वायत्तता आपल्या मनात असते. वर्गातील शिक्षक दोन्हीकडे सारखाच बांधलेला असतो. फुल्यांचा आक्षेप कारभाराच्या सत्तेला होता. मुलांना कोणत्या क्रमाने व कोणत्या बोलीच्या आधाराने शिकवावे, हे ठरविण्याची शिक्षकाची मोकळीक त्या आक्षेपाच्या कक्षेत येत नाही. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने खर्चाचे अधिकार शाळांकडे दिले आणि त्याच कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम लादला. शाळेचे हात हिशेबात मोकळे व अध्यापनात बांधलेले असू शकतात, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

आपल्याकडे याच्या उलट किंवा सुलट असे काहीच झाले नाही. केवळ जबाबदारी खाली आली. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली, तीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिच्याकडे सोपविले. आयोगाच्या पहिल्या शिफारशीला अशा रीतीने कायद्याचे रूप आले. फुल्यांच्या शंकेचे काही अंशी निरसन करणारी ही रचना आहे, कारण तीत दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान आहे. परंतु शिक्षक कोण येणार, किती काळ राहणार, हे जिल्हा व राज्य पातळीवर ठरते. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यात शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेचे संयुक्त अनुदान २५,००० रुपयांपलीकडे जात नव्हते. एवढ्या रकमेचा आणि बदलत्या शिक्षकांचा आराखडा करावयाचा, तर तो कागदी न झाला तरच नवल. संकुलाची गतीही फारशी निराळी नाही. महाराष्ट्रातील केंद्रशाळा त्या कल्पनेला जवळच्या. पण केंद्राचा बराच वेळ वरच्या कार्यालयांना माहिती पुरविण्यात जातो. नव्या धोरणातील संकुले त्याच वाटेने जाण्याचा संभव आहे.

तेव्हा आयोगाचा विचार टाकून द्यावयाचा नाही; त्याचा क्रम बदलावयाचा आहे. वर्षाची व दिवसाची मांडणी, वर्गांची रचना, अध्यापनाचा क्रम व भाषेचा वापर हे अधिकार प्रत्येक शाळेला, गुणवत्तेची अट न घालता, असावेत. मूल्यमापनाचा एक भाग सामाईक व बाह्य राहावा, म्हणजे मोकळिकीच्या नावाखाली मुलांची उपेक्षा होणार नाही. नेमणुका शाळेबाहेर राहण्यास फुल्यांचे कारण आजही पुरेसे आहे. मात्र शिक्षक एका शाळेत काही वर्षे टिकेल एवढी हमी शासनाने द्यावी. ही हमी नसेल, तर बाकीचे अधिकार वापरावयास शाळेत कोणी उरणार नाही.

आयोगाने कोणत्या शाळा स्वातंत्र्यास पात्र आहेत, असा प्रश्न विचारला होता. उन्हाळ्यात गावी परतलेल्या मुलाच्या दृष्टीने तो प्रश्न गौण आहे. त्याच्या शाळेला त्याच्यासाठी दार उघडे ठेवण्याचा अधिकार आहे की नाही, एवढेच त्याला कळणार आहे; आणि आपल्या संशोधनानेही तेथूनच आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.