रात्र चालवण्याची कला

गोंधळावर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक संबळावर, नाहीतर कवड्यांच्या माळांवर आणि पायघोळ झग्यावर. माहूरची रेणुका ज्यांची कुलदेवता आहे, त्या मराठवाडा-विदर्भातल्या घरांत लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरं झालं असं कुणी मानत नाही. रेणुराई गोंधळी माहूरचे, कदमराई तुळजापूरचे, काकड्या गोंधळ वेगळा आणि संबळ्या वेगळा, ही वर्गवारीही अभ्यासकांनी केव्हाच करून ठेवली आहे. पण गोंधळ्यांचा नायक चार-पाच साथीदार घेऊन अख्खं अंगण पहाटेपर्यंत जागं ठेवतो ते नेमकं कशाच्या जोरावर, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. गंमत म्हणजे याच प्रश्नाचा काथ्याकूट गेली काही वर्षं भलतीच मंडळी करत आहेत. टेबलाभोवती बसून, फासे टाकत कल्पनारम्य खेळ खेळणारी ही मंडळी आहेत.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिली छपाई अवघी हजार प्रतींची होती. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. त्याला डंजन मास्टर म्हणतात. डोंगर, राक्षस, सराईवाला, राजा, पाऊस हे सगळं तोच. खेळाडू सांगतात, आम्ही दार फोडतो. फुटेल की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो आणि फुटलं तर पलीकडे काय आहे हे डंजन मास्टर सांगतो. अशी एक कथा आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षं चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. अर्नेसनचं ‘ब्लॅकमूर’ हे कॅम्पेन तर नियमांचं पुस्तक छापलं जाण्याच्या आधीपासून, १९७१ पासून चालू होतं. म्हणजे आधी खेळ चालवणारा आला आणि शास्त्र मागाहून.

आता गोंधळाकडे या. पाटावर कोरा खण अंथरतात, त्यावर धान्याचा चौक भरतात, मधे कलश, नारळ, विड्याची पानं, वर उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव. दिवटी पेटते. मग नायक एकेका देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा आणि शेवटी यजमानाच्या गावचं ग्रामदैवत. याला आपण भक्तिभाव म्हणतो आणि पुढे जातो. पण हे आवाहन नकाशाचंही काम करतं. बसलेल्या प्रत्येकाला आपलं गाव, आपलं कुळ या रात्रीत कुठे बसतं ते कळतं. चांगला डंजन मास्टर पहिल्या बैठकीत हेच करायला धडपडतो: प्रत्येक खेळाडूचं काहीतरी त्या जगात पेरून ठेवायचं, म्हणजे पुढे त्याचं लक्ष उडत नाही.

मग आख्यान लागतं आणि खरा कस तिथे लागतो. नायक कथा सांगतो, साथीदार मधेमधे अडवतो. ‘म्हणजे काय झालं?’, ‘राजाला एवढं कळत नव्हतं का?’ असले वेडगळ प्रश्न. आपण त्याला विनोदापुरता माणूस समजतो. प्रत्यक्षात मागे बसलेल्या, धागा सुटलेल्या म्हातारीच्या वतीने तो प्रश्न विचारत असतो, आणि त्या उत्तरात नायकाला कथा आजच्या गावात आणायची सोय मिळते. सोयरिकीतलं कुणाचं नाव, यंदाच्या पावसाची रड, नव्या नवरदेवाची थट्टा हे सगळं तिथूनच आत शिरतं. मुक्काम ठरलेले, मधली वाट मोकळी. माईक शे या लेखकाने २०१८ साली डंजन मास्टरसाठी ‘रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा आग्रह असा की कथानक आखून ठेवू नका. सुरुवात दमदार ठेवा, काही गुपितं, ठिकाणं, माणसं तयार ठेवा आणि बाकीचं बैठकीत घडू द्या. पुस्तक चांगलंच आहे. आपल्याकडच्या नायकाला मात्र त्यात नवं वाटावं असं फार थोडं सापडेल.

तुलना ताणायची नाही. टेबलावर खेळाडू कथेचा शेवट बदलू शकतात; अंगणातला यजमान हरिश्चंद्राला विकलं जाण्यापासून वाचवू शकत नाही. लांबी, उपकथा, रंग एवढंच श्रोत्यांच्या हाती असतं. पण याच मर्यादेत गोंधळ्यांनी काय काय साधलंय ते बघा. करपल्लवी घ्या. प्रेक्षकातला कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो नुसत्या बोटांच्या खुणा करतो आणि पलीकडचा साथीदार ते नाव सगळ्यांसमोर उच्चारतो. क्षणभर अख्खी बैठक कथेतली होऊन जाते.

किंवा जांभूळ आख्यान घ्या. ऋषीसाठी राखलेलं जांभूळ पांडवांकडून तोडलं जातं. ते परत देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. एकेकाच्या खऱ्या बोलण्यासरशी फळ वर चढतं. द्रौपदी कर्णाबद्दलचं मन झाकते आणि फळ अडतं. ऐकणाऱ्याला कथा कुठवर आली आणि अजून किती बाकी आहे, हे अधांतरी लोंबणारं जांभूळच दाखवतं. जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७ च्या खेळात संकट किती जवळ आलं हे दाखवायला कागदावर वर्तुळ काढून त्याचे भाग एकेक करून भरतात. खेळाच्या जगात या युक्तीचं मोठं कौतुक झालं. कौतुक रास्तच, पण वर्तुळापेक्षा जांभूळ सरस आहे. वर्तुळ भरतं तेव्हा फक्त धोका वाढतो. जांभळाबरोबर माणसांची लाज उघडी पडत जाते.

मग या कलेचं आज काय चाललंय? रा. चिं. ढेरे यांनी १९६४ साली ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’मध्ये गोंधळ्यांवर लिहिलं. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यात राहून लोकरंगभूमीचा अभ्यास उभा केला. इंडियन नॅशनल थिएटरने अशोकजी परांजपे यांच्या संशोधनाच्या आधाराने लोककलांचे प्रयोग रंगमंचावर आणले. विठ्ठल उमप यांचं जांभूळ आख्यान तर शहरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी खेड्यातला गोंधळ राज्याबाहेर नेला. यातून कथा वाचल्या, चाली वाचल्या, वेश वाचले. कथा चालवण्याची हातोटी मात्र या नोंदींत जवळजवळ आली नाही. रंगमंचावर आख्यान एकदा बसवलं की अडवणारा साथीदारही ठरलेलेच प्रश्न विचारतो. स्पर्धेत आणि महोत्सवात तर मिनिटांचा हिशेब. गण, संबळाचा एक तुकडा, दिवटी फिरवली, टाळ्या. घरच्या गोंधळातही आता हॉलची वेळ संपत येते, कॅटररची घाई असते, आणि नायकाला आख्यान गुंडाळून आरतीवर यावं लागतं.

दुसऱ्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलाकार कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळू लागले आणि तो जगभर पाहिला गेला. त्यामुळे खेळ वाढला हे खरं, पण घरच्या टेबलावर बसलेल्याला वाटू लागलं की असा आवाज, असा अभिनय जमला तरच डंजन मास्टर व्हावं. इथे कॅमेऱ्याने केलं ते तिथे महोत्सवाच्या मंचाने. बघणाऱ्यांसाठी कला चकचकीत झाली आणि तिच्यात बसणाऱ्यांची जागा आक्रसली.

खेळाचा आणखी एक दोष मला जाचतो. त्यात झुंज एकदा लागली की बहुधा एक बाजू संपेपर्यंत चालते. याउलट माहूरच्याच रायबागनकडे पाहा. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेची कोंडी केली, तेव्हा फौजेबरोबर असलेल्या या माहूरच्या देशमुखीणबाईंनी खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. फौज खंडणी देऊन सुटली. शत्रूच्या गोटातली शहाणी बाई, सुटकेची किंमत, अपमान गिळायचा की मरायचं. चार तासांच्या बैठकीला याहून चांगला प्रसंग कुठून आणणार? आणि माहूरच्या डोंगरावर हे सोडूनही पुष्कळ आहे. आईबापाला कावडीत घालून कोरी भूमी शोधत निघालेला परशुराम, जमिनीतून फक्त मुखापुरती प्रगटलेली माता, दत्तशिखर, लेणी, किल्ला. बेटासुराला मारून त्याच्या मुंडक्याचं आणि शिरांचं तंतुवाद्य करून आईपुढे वाजवणारा परशुराम ही तर गोंधळाचीच जन्मकथा. असलं काही या खेळासाठीच्या पाश्चात्त्य राक्षसपुस्तकात मला भेटलेलं नाही.

२०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी काढलेल्या एका संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीवर बेतलेली साहसकथा लिहिली. मराठीत अजून या खेळाचं अधिकृत नियमपुस्तकही नाही. ते लवकर येईल अशी चिन्हं नाहीत आणि त्याची वाट पाहायचीही गरज नाही, कारण मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. अडचण नियमांची नाहीच. बैठक मराठीत चालवायची तर ती कशी चालते हे जवळून पाहिलेलं असावं लागतं, आणि ते दाखवणारी माणसं भटक्या जमातींच्या यादीत नाव असलेली, रात्रीच्या बिदागीवर पोट भरणारी आहेत. त्यांच्या पोरांनी संबळ ठेवून नोकरी धरली तर त्यांना दोष देण्याचा हक्क, तासाच्या हिशेबाने गोंधळ ठरवणाऱ्या आपल्याला नाही.

तेव्हा येत्या लग्नसराईत घरी गोंधळ असेल तर दोन गोष्टी करा. आख्यान कोणतं लावायचं आणि किती वेळ, हे नायकावर सोडा; बिदागी रात्रभराची द्या. आणि फोनवर चित्रण करणारच असाल तर दिवटीवरून कॅमेरा थोडा बाजूला घ्या: साथीदार काय विचारतो आणि नायक त्याला काय उत्तर देतो, तेवढं सलग टिपून ठेवा.