काचेमागचा गवा आणि पाटीवरची तारीख

कर्जत तालुक्यातल्या कळंबसारख्या गावातून शाळेची सहल मुंबईला निघाली, की राणीचा बाग आणि गेटवे यांच्या मध्ये कुठेतरी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय बसवले जाते. मूर्ती, चित्रे, शस्त्रे यांतून धावत मुले सृष्टिविज्ञानाच्या दालनात पोचतात आणि तिथे मात्र थबकतात. काचेमागे वाघ उभा असतो. वीस मिनिटांनी शिट्टी वाजते. एवढ्या वेळात या दालनातून काय मिळते आणि काय मिळायला हवे, याचा विचार शिक्षकांनी जाण्यापूर्वी करावा असे आम्हाला वाटते.

आधी दालनाचे श्रेय. हे संग्रहालय जानेवारी १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यातला प्राण्यांचा विभाग उभा राहिला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने आणि तिने जमवलेल्या नमुन्यांवर. इथले प्राणी नुसते ओळीत मांडलेले नाहीत. गवा, वाघ, मोठा धनेश, रोहित पक्षी यांना त्यांच्या अधिवासाचा देखावा दिला आहे. मागे रंगवलेले रान, पुढे माती, गवत, फांद्या. रानात मुलांना दिसते ते सळसळणारे झुडूप किंवा पळती पाठ. इथे चोच कशी बाकदार आहे, खूर किती रुंद आहे, हे जवळ उभे राहून पाहता येते. हालत नाही, हाच या प्राण्याचा गुण आहे. चित्रवाणीवरच्या कोणत्याही चित्रफितीला तो नाही.

मुले हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘खरा आहे का?’ कातडे खरे, डोळे काचेचे, आत हाडामांसाऐवजी घडवलेला साचा, असे सरळ सांगावे. दुसरा प्रश्न अवघड: ‘कोणी मारला?’ त्या काळी नमुने बंदुकीनेच गोळा होत. १९११ ते १९२३ या काळात सोसायटीने केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात हजारो प्राणी असे जमवले गेले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तसे करता येत नाही. हे उत्तर टाळणारा शिक्षक एक चांगला तास वाया घालवतो.

आता आमची तक्रार. या देखाव्यांत माणूस नाही. जगभरच्या अशा देखाव्यांचा हा जुना संकेत आहे, पण सह्याद्रीच्या बाबतीत तो खोटा ठरतो. कळंबच्या पूर्वेला भीमाशंकरचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या रानात ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कंदमुळे काढतात, शेवळे खुडतात. त्यांची मुले काचेसमोर उभी राहतात तेव्हा रान म्हणजे आपण नसलेली जागा, असा पाठ त्यांना नकळत मिळतो.

दुसरी तक्रार मांडणीची. प्राणी वर्गवार लावले की नावे कळतात, पण एवढे प्राणी याच देशात का, हे कळत नाही. पनामा या छोट्या उष्णकटिबंधीय देशाने २०१४ साली ‘बिओमुसेओ’ हे केवळ स्वतःच्या जैवविविधतेला वाहिलेले संग्रहालय उघडले. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेल्या एका चिंचोळ्या भूपट्टीने दोन अमेरिका जोडल्या आणि दोन्हीकडचे प्राणी एकमेकांत मिसळले, हा तिथल्या कथनाचा कणा आहे. आपल्याकडे सांगण्यासारखे काय कमी आहे? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातून कोरलेले कडे, त्यांवर आदळणारा पावसाळा. घाटमाथ्यावर सदाहरित रान आणि थोडे पूर्वेला गेले की कोरडे माळ. हा धागा शिक्षकाला स्वतःच ओवावा लागतो. १९२६ साली याच विभागात सलीम अली मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नेमले गेले होते, म्हणजे नुसती काच पुरत नाही हे तेव्हाच्या चालकांना ठाऊक होते.

पण सर्वांत मोठी उणीव पाटीची. प्रेक्षकांसाठीच्या पाटीवर बहुधा नाव, आढळ, सवयी एवढेच असते. संशोधकाच्या नमुन्याला मात्र एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते: कुठे मिळाला, कधी, कोणाला. शेजारच्या हॉर्नबिल हाउसमध्ये सोसायटीचे असे लाखाहून अधिक नमुने कपाटांत आहेत. चिठ्ठीविना तो पक्षी म्हणजे नुसती पिसे.

याचे घरचे उदाहरण आपल्या रानपिंगळ्याचे. त्याचा १८८४ नंतर पत्ता नव्हता. अपवाद एकच, कर्नल माइनर्ट्झहागेन याचा १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदलेला नमुना. शोधणारे त्या पत्त्यावर गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढे पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, चिठ्ठी बदललेला जुनाच पक्षी निघाला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही सापडला, म्हणजे कळंबहून मुरबाड-शहापूर ओलांडले की पलीकडेच.

ही गोष्ट सांगून मग मुलांना काचेसमोर न्यावे. दिसेल त्या प्राण्याच्या पाटीत काय नाही, ते त्यांना वहीत लिहू द्यावे. परतल्यावर शाळेच्या एका भिंतीवर स्वतःचे दालन सुरू करावे. प्राणी मारायचा नाही, पकडूनही ठेवायचा नाही. चित्र, झाडाला चिकटलेली रातकिड्याची कात, गळलेले पान पुरे. वलगणीचे मासे पहिल्या पावसात कोणत्या ओढ्याने शेतात चढले, काजवे कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला दिसले, हे या मुलांना पुस्तकापेक्षा जास्त माहीत असते. लिहून ठेवलेले मात्र कुठेच नसते. नेरळ-कर्जतच्या परिसरात शेतजमिनींचे भूखंड पडत आहेत, फार्महाउसची कुंपणे उभी राहत आहेत. एखाद्या ओढ्यात काय होते, हे तो बुजल्यावर विचारून उपयोग नाही.

सुरुवात खेकड्यांपासून करावी. २०१६ साली सह्याद्रीतून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या. शेताच्या बांधावरचे मुठे आणि ओढ्यातला मोठा खेकडा यांतला फरक वाडीतल्या मुलाला विचारा. बिळाचे तोंड, रंग, नांगीचा आकार, सगळे तो सांगेल. ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर घ्यावे. पहिल्या ओळीत वाडीतले नाव, खाली ओढा, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव. शास्त्रीय नावाची ओळ कोरी ठेवावी.