भिडू की कच्चे लिंबू?

विस्मरणाच्या आजारासाठी मराठीत शब्दांची वाण नाही, पण त्यातला एकही शब्द निरागस नाही. ‘म्हातारचळ’मध्ये टिंगल आहे, ‘साठी बुद्धी नाठी’मध्ये हिणवणे आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा त्यातल्या त्यात प्रतिष्ठित, वैद्यकीय वाटणारा शब्द. तरी त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधःपाताची एक साखळी सांगितली आहे. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश आणि अखेर माणसाचाच नाश. तिथे ‘स्मृती’ म्हणजे नातवंडांची नावे लक्षात राहणे नव्हे. विवेकाचे भान सुटणे असा तो अर्थ आहे. परंतु शब्द वापरात येतो तेव्हा जुना संस्कारही सोबत आणतो. स्मृती गेली की बुद्धी गेली आणि बुद्धी गेली की माणूस गेला, हे समीकरण आपण न तपासता मान्य केलेले असते. या आजाराभोवतीचा कलंक त्याच समीकरणावर उभा आहे.

प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसे डिमेन्शियासह जगत आहेत. 2019 च्या जागतिक अल्झायमर अहवालासाठी 155 देशांतल्या जवळपास 70,000 लोकांची मते घेतली गेली. त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांना हा आजार म्हणजे वयाचा सामान्य परिणाम वाटत होता. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांनाही तसेच वाटत होते. ‘वय झालंय, चालायचंच’ हे वाक्य आपल्याकडे सांत्वन म्हणून उच्चारले जाते. प्रत्यक्षात ते दार लावून घेणे असते. मग लग्नकार्याला नेणे थांबते, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवले जाते. उरलेल्या वेळात घरातला प्रत्येकजण परीक्षक होतो: ‘आजोबा, मी कोण, सांगा बघू?’

या परीक्षेला पर्याय म्हणून गेल्या काही दशकांत सर्जनशीलता आणि खेळ यांच्याकडे पाहिले जाऊ लागले आहे. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवूड यांनी 1997 च्या ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ या ग्रंथात रुग्णाचे माणूसपण खच्ची करणाऱ्या वर्तनांची यादी दिली. मोठ्या माणसाला लहान मूल समजून वागवणे हे त्यातले एक. त्याच ग्रंथात माणूसपण जपणाऱ्या व्यवहारांचीही यादी आहे आणि तिच्यात खेळाला स्थान आहे. म्हणजे बालिशपणा लादणे घातक आणि खेळ हितकारक. या दोहोंतली रेघ कुठे ओढायची, हा मला या विषयातला कळीचा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर शोधायला आपली भाषा मदत करते. मराठीत ‘खेळणे’ वेगळे आणि ‘खेळवणे’ वेगळे. आपल्या मुलांच्या खेळात कच्चे लिंबूही असते. त्याला डावात घेतात, इकडेतिकडे पळू देतात, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. त्याच्या असण्यानसण्याने डावाला काही फरक पडत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आपण बहुधा असेच खेळवतो. त्याला भिडू करणे ही निराळी गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात अ‍ॅन बास्टिंग या रंगकर्मी-अभ्यासक 1990 च्या दशकात एका वृद्ध शुश्रूषागृहात नाट्याचे प्रयोग करत होत्या. आठवणींवर आधारलेले सगळे उपक्रम फसल्यावर त्यांनी मासिकातली मार्लबोरो सिगारेटची जाहिरात फाडून सर्वांपुढे धरली आणि त्यातल्या घोडेस्वाराला नाव द्यायला सांगितले. कुणीतरी म्हणाले, फ्रेड. पुढे त्याचा फ्रेड अस्टेअर झाला, म्हणजे गोठ्यातला गडी एकदम चित्रपटातला नर्तक झाला, आणि गोष्ट रंगत गेली. यातून ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत घडली. चित्र दाखवायचे, ज्याचे एकच बरोबर उत्तर नसते असे प्रश्न विचारायचे, येईल ते उत्तर, अगदी अर्थहीन ध्वनीसुद्धा, लिहून घ्यायचे आणि सर्वांची मिळून झालेली गोष्ट त्यांना वाचून दाखवायची. आठवण्याची सक्ती काढून टाकून रचण्याचे स्वातंत्र्य देणे, हे तिचे मर्म.

ओहायो आणि पेन्सिल्व्हेनिया या राज्यांतल्या 20 शुश्रूषागृहांत या पद्धतीची तौलनिक पाहणी झाली; तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे हा उपक्रम झाला तिथले रहिवासी अधिक सजग आणि सहभागी दिसले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष: तिथल्या कर्मचाऱ्यांची रहिवाशांविषयीची दृष्टी अधिक अनुकूल झाली होती, त्यांना कमी लेखणे घटले होते. कलंक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, तेव्हा उपचारही तिथेच लागू पडायला हवा. खेळाने आजार बरा होत नाही. तसा दावा कुणी केला तर तो खोटा समजावा. खेळाने बदलते ती आजाऱ्याकडे पाहणाऱ्याची नजर.

आपल्याकडे याला परंपरेचा आधार नाही असे नाही. भोंडल्याच्या शेवटी खिरापत ओळखायची असते. पहिल्याच फटक्याला बरोबर उत्तर आले तर यजमानीण हिरमुसते. जितकी उत्तरे चुकतील तितकी मजा अधिक. चुकीच्या उत्तराला मान देणारा हा खेळ दरवर्षी आपल्या अंगणात होतो. आजारी आजीसमोर मात्र आपण प्रश्नपत्रिका घेऊन बसतो. गाण्याच्या भेंड्यांबाबतही हाच विवेक हवा. अक्षराची अट धरली तर ती परीक्षा, अट सोडली तर मैफल.

या कसोटीवर दोन चित्रपट पाहता येतात. जानू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’ (2005) मध्ये निवृत्त प्राध्यापक उत्तम चौधरी यांना आपल्या हातून गांधीहत्या झाल्याचा भ्रम जडतो. त्यांची सुटका करण्यासाठी खोटे न्यायालय उभारून खटल्याचे नाटक केले जाते. कल्पना विलक्षण आहे, अनुपम खेर यांचा अभिनयही. पण या खेळात हा खेळ आहे हे एकालाच ठाऊक नाही, आणि तो एकजण म्हणजे ज्याच्यासाठी डाव मांडला तोच. तिथे प्राध्यापकांना बोलण्याची संधी मिळते आणि ते ताकदीने बोलतात, हे मान्य; तरी नाटकाचा हेतू त्यांना निर्दोष ठरवून वास्तवात परत आणण्याचा आहे. प्रेमाने केलेले असले, तरी हे खेळवणे आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (2013) अधिक धाडसी आहे. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. माहुताची कन्नडभाषक बायको चन्नम्मा त्यांना नाव, पत्ता, पांडित्य यांपैकी कशाचाही हिशेब मागत नाही. ते तिच्यात आई पाहतात आणि ती ते नाते स्वीकारते. या स्वीकाराची भाषा अमृता सुभाष यांनी देहबोलीतून उभी केली. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. चित्रपटाचे नावच होकाराचे आहे. समोरच्याने मांडलेला डाव मोडायचा नाही, त्यात उतरायचे, हा उत्स्फूर्त नाट्याचा पहिला नियम चन्नम्मा कुठेही न शिकता पाळते.

तरीही माझी एक हरकत आहे. चन्नम्माला शास्त्री थोडा काळ भेटतात. मुलगी इरा त्यांना रोज सांभाळते आहे. अनोळखी माणसाला शास्त्रींचा भूतकाळ ठाऊक नसतो, म्हणून त्याला त्यांचा वर्तमान स्वीकारणे सोपे जाते. इराला मात्र वडिलांच्या प्रत्येक नव्या रूपासोबत जुने रूप गमवावे लागते. चित्रपट इरेला दोषी ठरवत नाही, तिची दमणूक तो सहानुभूतीने दाखवतो. पण प्रेक्षक घरी जाताना चन्नम्माच आठवतो आणि नकळत इरेला कमी गुण देतो. शुश्रूषेचे ओझे बहुतेक घरांत लेकीसुनांवरच पडते. त्यांना ‘जरा खेळीमेळीने घ्या’ असा उपदेश करणे म्हणजे एक कलंक पुसून दुसरा लावणे होईल. खेळायला वेळ लागतो, झोप झालेली असावी लागते, पाळी बदलायला दुसरे कुणी असावे लागते. बास्टिंग यांचे प्रयोग गटात झाले. भोंडलाही एकटीने होत नाही.

म्हणून स्मृतिभ्रंशावरची कलाकृती असो वा एखाद्या केंद्रातला उपक्रम, मी दोन प्रश्न विचारीन. या डावात आजारी माणसावर कधीतरी राज्य येते का, त्याच्या एखाद्या शब्दाने डावाची दिशा बदलते का? आणि त्याच्याबरोबर खेळणारी माणसे एकाहून अधिक आहेत का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते कच्चे लिंबूच राहिले. दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर खेळ फार दिवस चालणार नाही.