टॅलिस फँटेसिया : बार्बिरोलीचे ध्वनिमुद्रण (१९६२)

इंग्लिश संगीतरचनाकार रॅल्फ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) याच्या ‘फँटेसिया ऑन अ थीम बाय टॉमस टॅलिस’ या तंतुवाद्यवृंदासाठीच्या रचनेचे सर जॉन बार्बिरोली (१८९९–१९७०) याच्या संचालनाखाली सिन्फोनिया ऑफ लंडन या वाद्यवृंदाने केलेले प्रसिद्ध ध्वनिमुद्रण. रचनेला आधारभूत असलेली स्तोत्रधून टॅलिस (मृ. १५८५) याने आर्चबिशप पार्करच्या पद्यस्तोत्रांसाठी बांधली होती. ती फ्रिजियन स्वरश्रेणीत आहे; स्वरांच्या दृष्टीने ही श्रेणी भैरवी थाटाशी जुळते. ‘फँटेसिया’ प्रथम सादर झाली ती ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये.

तीत एक मोठा वृंद, नऊ वादकांचा एक छोटा वृंद आणि चार एकल वादक अशी योजना आहे. शक्य तर छोटा वृंद मोठ्यापासून दूर बसवावा, अशी रचनाकाराची सूचना आहे. सुषिरवाद्य वा तालवाद्य एकही नसल्याने नादवैचित्र्य बव्हंशी या अंतरातूनच निर्माण होते. एकमार्गी ध्वनिमुद्रणात दूरचा वृंद केवळ हळू वाजतो आहे असे भासते. द्विमार्गी (स्टिरिओ) ध्वनिमुद्रणाने ही अडचण दूर केली. प्रस्तुत ध्वनिमुद्रण लंडनच्या टेंपल चर्चमध्ये करण्यात आले. ११८५ मध्ये प्रतिष्ठापित झालेली ही वास्तू १९४१ च्या बाँबहल्ल्यात होरपळून पुढे दुरुस्त झाली होती. तिच्या दगडी भिंतींतून छोट्या वृंदाचे उत्तर जणू दुसऱ्या दालनातून यावे तसे उमटते. मोठ्या वृंदाचा स्वर थांबल्यावर रेंगाळणारा निनादही येथे रचनेचाच भाग ठरतो.

बार्बिरोली मूळचा चेलोवादक. खर्जातील स्वरांचे वजन आणि लांब, संथ गजकाम यांवर त्याचा भर दिसतो. मधल्या भागात एकल व्हिओलाने धून उचलताच ही शैली विशेष खुलते. मात्र स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची, काहीशी मींडेसारखी, त्याची जुनी लकब या स्तोत्रधुनेच्या विरक्त वृत्तीशी सर्वत्र जुळत नाही. उत्कर्षबिंदूपाशी निनादामुळे मधल्या वाद्यांच्या ओळीही पुसट होतात. तरीही शिस्तबद्ध पण कोरड्या वादनापेक्षा हा दोष पत्करण्याजोगा आहे. कारण टॅलिसच्या धुनेचे प्राचीनत्व येथे इतिहासाची माहिती म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष अंतर म्हणून ऐकू येते.

याच ध्वनिमुद्रिकेत एल्गारची ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ (१९०५) ही रचना आहे. अलेग्री चौकडीच्या साथीने वाजवलेला तिचा फ्यूग कमालीचा जोमदार आहे. ‘ग्रीनस्लीव्ज’वरील छोटी रचना केवळ पूरक होय, शिवाय तीत बासरी व हार्प असल्याने ती निव्वळ तंतुवाद्यवृंदाची म्हणता येत नाही.