उकिडवे बसता येणाऱ्यांचे गाव

'टॉयलेट : एक प्रेम कथा' हा चित्रपट २०१७ साली आला तेव्हा चर्चा झाली ती सुनेची. घरात शौचालय नाही म्हणून ती सासर सोडते, नवरा बापाशी आणि गावाशी भांडतो. माझ्या मनात राहिली ती मात्र घरातली म्हातारी आजी. ती उंबरठ्यावर पडते, तिला शेतापर्यंत चालवत नाही, आणि ज्या शौचालयावरून एवढे महाभारत झाले तेच आपल्याला वापरू द्या म्हणते. कर्मठ मुलगा नरमतो. सुनेच्या हट्टाने जे साधले नव्हते ते म्हातारीच्या पडण्याने साधते. पण पडून दुखावलेली बाई उकिडवी कशी बसेल, उठताना हात कशाला धरेल, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. मुलाचे मन वळले की त्याचे काम संपते.

हा एका पटकथेचा दोष असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे शौचालयाचे एक मोठे वाङ्मयच तयार झाले आहे. भिंतीवरच्या घोषणा, पथनाट्ये, मार्गदर्शक सूचना, गवंड्यांसाठीच्या पुस्तिका. वाङ्मय म्हणून ते कुणी वाचत नाही; मी वाचू लागलो तेव्हा दिसले, की या सगळ्याचा नायक एकच आहे : शौचालयात जाऊ शकतो, पण जात नाही असा माणूस. म्हणून त्याची भाषा सवयीची आणि लाजेची. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे गुड मॉर्निंग पथके आली आणि पहाटे डबा घेऊन निघालेल्यांना गाठून गुलाबाची फुले देऊ लागली. सवय मोडायला लाज कामी येते, हे खरे. पण ज्याचा गुडघाच वाकत नाही त्याला फूल देऊन काय होणार?

या वाङ्मयातला एक शब्द मला फार आवडतो, 'हागणदारीमुक्त'. एरवी 'शौचास जाणे' याच्या खाली न उतरणाऱ्या सरकारी मराठीने इथे गावाचा शब्द जसाच्या तसा उचलला. पण नीट पाहा. हागणदारी म्हणजे जागा. मुक्त झाली ती जागा. त्या जागेवर जाणाऱ्या, किंवा तिथपर्यंतही न पोहोचणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्या शब्दात कुठेच नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशातली खेडी हागणदारीमुक्त जाहीर झाली, तीही कुटुंबे मोजून. घरात शौचालय आहे की नाही, हा प्रश्न. घरातल्या किती जणांना तिथे बसता येते, हा नाही.

अपंगांचा विसर पडला होता, असे मात्र म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे ६९ टक्के खेड्यांत. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाच्या २०१४ च्या सूचनांत दारिद्र्यरेषेवरच्या ज्या मोजक्या गटांना १२,००० रुपयांचे प्रोत्साहन लागू केले, त्यांत शारीरिक अपंग आहेत. म्हणजे ते यादीत आहेत, नकाशात नाहीत. पैसे मिळाले, पण खोली तीच, साधारण तीन फूट बाय चार फुटांची. चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. शिवाय खड्ड्याकडे जाणाऱ्या नळाला उतार हवा आणि पावसाचे पाणी आत यायला नको, म्हणून जोते उंच, म्हणून पायऱ्या. उतरण एकास बारा या प्रमाणात असावी असे मानक सांगते. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फुटांची उतरण झाली. एवढे परस किती घरांना असते?

माझ्या आत्याच्या परसातले शौचालय तीन पायऱ्यांवर आहे. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. काठीने ती अंगणभर फिरते, पण पायऱ्या चढून, दार आत ढकलून, त्याच दाराला वळसा घालून भांड्यापर्यंत जाणे तिला जमत नाही. बादली बाहेरून न्यायची ती वेगळीच. तिने यावर काढलेला उपाय मला फार उशिरा कळला. संध्याकाळी चारनंतर ती पाणी पीत नसे आणि रात्री अर्धी भाकरी खाई. "आता वयामुळं भूकच लागत नाही," एवढेच सांगायची.

पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये अपंगांसाठीच्या सुलभ घरगुती शौचालयांवर एक इंग्रजी हस्तपुस्तिका काढली. या सगळ्या वाङ्मयात मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले पुस्तक हेच. ते घोषणेपासून नव्हे, शरीरापासून सुरू होते. कोणाला काय जमत नाही ते आधी विचारते, मग थोडक्या खर्चात काय करता येईल ते चित्रांतून दाखवते : आधाराचा दांडा, बसायला उंच बैठक, रुंद दार. भाषा साधी आहे, कुठेही कणव नाही.

माझी तक्रार तिच्या मजकुराबद्दल नाही, तिच्या वेगळेपणाबद्दल आहे. मूळ पुस्तिकेत 'माणूस' राहिला आणि पुरवणीत 'अपंग' गेला. गवंड्याच्या हाती मूळ नकाशा पडतो; पुरवणी त्याच्यापर्यंत जात नाही. शिवाय स्वस्त युक्त्यांच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. युक्ती करायची जबाबदारी घरच्यांवर येते, आणि घरात ती करणारे कुणी नसेल तर पुस्तिका मिटलेलीच राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजनांत सुलभ स्वच्छता-सोयींचा, आणि त्यातही ग्रामीण भागाचा, स्पष्ट उल्लेख आहे. कायद्यात असलेले जोत्यात यायला मात्र नकाशाच बदलावा लागतो.

प्रत्येक शौचालय चाकाच्या खुर्चीच्या मापाचे बांधा, असे मी म्हणणार नाही. तो शहरी हट्ट झाला. खेड्यातल्या कित्येक अपंगांकडे खुर्ची नाही. ते हातांवर सरकत जातात, आणि त्यांना रुंदीपेक्षा कोरडी, स्वच्छ फरशी आधी हवी असते. अंधाला घरापासून दारापर्यंत ताणलेली एक दोरी पुरते. पण बाहेर उघडणारे दार आणि भिंतीत रोवलेला एक दांडा, एवढे मूळ नकाशातच असते तर कुणाला जड गेले असते? गरोदर बाईला, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला, चित्रपटातल्या त्या आजीलाही ते उपयोगी पडले असते.

आत्यासाठी आम्ही शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडले. पायऱ्यांवर फळी टाकून ती वर नेली, तर खुर्ची आत ठेवल्यावर दार लागेना. मग दारच काढले आणि बिजागऱ्यांच्या जागी खिळे ठोकून जुन्या लुगड्याचा पडदा टांगला. आत्या आता रात्री पूर्ण भाकरी खाते. अनुदानाच्या नोंदीसाठी काढलेल्या फोटोत दार तेवढे अजून आहे, निळ्या रंगाचे, बंद. आणि त्याच्यासमोर, फोटोपुरती काठी बाजूला ठेवायला लावलेली आत्या भिंतीला धरून उभी आहे.