इंग्रजीचा चोपडा

ज्याच्या गावाचं नावच चोपडा, त्यानं दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या तपासू नयेत तर काय करावं? सध्या मी इंग्रजीची तपासतोय. नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी हिंदुस्थानातून उचललेल्या शब्दांचा केलेला हा कोश १८८६ साली छापला गेला. मोहरमातल्या 'या हसन, या हुसेन'चा गोऱ्या शिपायांनी केलेला चुराडा, तेच पुस्तकाचं नाव!

नोंदी चोख. खाटेची 'कॉट', अंग चेपण्याच्या 'चांपो'चा 'शाम्पू', आणि लूट तर 'लूट'च. मुंगसापाशी मात्र लेखणी अडखळते: तेलुगूचं की मराठीचं? आजचे कोश ते मराठीच्या खाती मांडतात. केळ्याची तऱ्हाच न्यारी. आमचा सारा जिल्हा केळी पिकवतो, पण 'बनाना' पोर्तुगीजांनी नेला तो पश्चिम आफ्रिकेतून. म्हणजे आमचं मुंगूस विलायतेला गेलं, केळं मागे राहिलं!

दोष एकच. साहेबाच्या कानावर पडलं तेवढंच जमा. बंगला, नोकरचाकर, शिकार, कचेरी यांचे शब्द भरपूर. पण बांधावर बसून दोन बाया अहिराणीत काय बोलतात, ते ऐकायला कोण साहेब थांबणार?

तरीही मला ही वही आवडते. उचललेला माल उचललेला म्हणून लिहायला दानत लागते. 'टेबल' घेतलं म्हणून मराठी बुडाली, असा गळा काढणाऱ्यांनी ती जरूर चाळावी. आपलं मुंगूस पाळून इंग्रजी काही बुडाली नाही!